घोकंपट्टीचे इंग्रजी

जालन्याच्या शाळकरी मुलाला अभ्यासाविषयी बोलण्यासाठी तीन भाषा लागतात. आजी त्याला ‘घोक’ म्हणते, शेजारचा मित्र ‘रट्टा मार’ म्हणतो, आणि शिकवणीच्या वर्गात तोच उद्योग ‘बायहार्ट’ किंवा ‘मगअप’ होतो. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. कचेरीत उर्दू चाले, आणि १९१८ साली हैदराबादेत स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातही उर्दूतूनच शिकवीत. तेव्हा ‘रट्टा’ येथे घरचा झाला यात आम्हांला नवल वाटत नाही.

‘मगअप’चा प्रवास अधिक लांबचा. हा शब्द एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश विद्यार्थ्यांचा. परीक्षेसाठी विषय झटपट तयार करणे, एवढाच त्याचा तिकडचा अर्थ. आपल्याकडे तो आकसून ‘न समजता पाठ करणे’ असा झाला. आमच्या मते याचे मूळ परीक्षापद्धतीत आहे. कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे १८५७ साली निघालेली विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर होती. प्रारंभी ती स्वतः शिकवीत नसत, केवळ परीक्षा घेत. अध्यापन परीक्षेचे दास झाले आहे, असे १९०२ च्या भारतीय विद्यापीठ आयोगानेच नमूद केले. जेथे पाठांतराला गुण मिळतात, तेथे अभ्यासाचा शब्दही पाठांतराचाच होतो. सिंगापुरात मात्र ‘मगर’ म्हणजे सदा पुस्तकात डोके घातलेला विद्यार्थी; आपल्याला पाण्यातली मगर आठवते ती गोष्ट वेगळी! अमेरिकेत हाच शब्द रस्त्यावर वाटसरूला लुटणाऱ्याला लावतात.

‘स्वॉट’ हा इंग्लंडचा दुसरा शब्द. घामाच्या इंग्रजी शब्दाचे हे बोलीतील रूप सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात प्रचारात आले. जालन्यालाही इंग्रजांची लष्करी छावणी होती, पण ‘स्वॉट’ आपल्या बोलीत रुजला नाही. अमेरिकेतील ‘ग्राइंड’ हा आपल्या ‘घासू’चा सख्खा भाऊ, आयर्लंडमध्ये मात्र ‘ग्राइंड’ म्हणजे खाजगी शिकवणी.

या बोली शब्दांवर हसून सोडून देता येते. परंतु आपल्या धर्मग्रामांतील मुले आता उच्च शिक्षणासाठी परदेशी जातात, आणि तेथे साधे वाटणारे शब्दच अधिक अडवतात. अमेरिकन महाविद्यालयाच्या पत्रात ‘ट्यूशन’चा आकडा येतो. घरच्यांना वाटते, शिकवणी नको, तेवढा खर्च वाचेल. पण तेथे ‘ट्यूशन’ हेच महाविद्यालयाचे शुल्क. तीच गत ‘रिव्हाइज’ची. ब्रिटिश वळणाने आपण त्याचा अर्थ ‘परीक्षेपूर्वी पुन्हा वाचणे’ असा घेतो. अमेरिकेत त्याला ‘रिव्ह्यू’ म्हणतात, आणि ‘रिव्हाइज’ म्हणजे लेखन सुधारून नव्याने लिहिणे. प्राध्यापकांनी निबंध ‘रिव्हाइज’ करून आणण्यास सांगितला, की आपला मुलगा रात्रभर जागून तो चारदा वाचतो आणि सकाळी एकही ओळ न बदलता परत देतो.