साष्टीच्या मातींतले इंग्रजी शब्द

मुंबईच्या जुन्या इंग्रजी दस्तऐवजांत कांहीं शब्द असे भेटतात कीं, इंग्लंडांतील सुशिक्षितासहि त्यांचा अर्थ लागूं नये. ‘ओआर्ट’, ‘ब्रॅब’, ‘बॅटी’, ‘मूरा’, ‘वेलार्ड’ हे त्यांपैकींच होत. मुंबई बेट आणि त्याच्या उत्तरेस वसईच्या खाडीपर्यंत पसरलेली साष्टी हें त्यांचें माहेर. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड हीं आजचीं उपनगरें याच साष्टींत मोडतात. हे शब्द जन्मानें इंग्रजी नव्हते, सहवासानें झाले. आणि त्यांचा अर्थ शोधूं गेल्यास शब्दापेक्षां जमिनीचाच इतिहास अधिक हातीं लागतो.

साष्टी या नांवापासूनच आरंभ करावा. सहासष्ट गांवांचा समूह तो षट्षष्टि, त्याची साष्टी झाली. पोर्तुगीजांनीं तिचें ‘साल्सेत’ केलें आणि इंग्रजांनीं तेंच आपल्या वळणानें उचललें. 1534 सालीं वसईच्या तहानें हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. 1737 ते 1739 च्या मोहिमेंत मराठ्यांनीं तो घेतला. 1774 च्या डिसेंबरांत ठाण्याचा किल्ला पडून तो इंग्रजांच्या हातीं लागला. मुंबई बेट मात्र त्यांस शंभरांवर वर्षें आधीं मिळालें होतें. तेव्हां इंग्रज कारकुनाच्या कानावर एकाच जमिनीविषयीं दोन भाषा पडत होत्या, शेतकऱ्याची मराठी व जुन्या धन्याची पोर्तुगीज. आणि कानीं पडेल तें तो दप्तरीं लिहीत गेला.

या दप्तरी भाषेचा थोर कोश म्हणजे हेन्री यूल व आर्थर बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’. तो 1886 सालीं प्रसिद्ध झाला; बर्नेल 1882 सालींच वारल्यामुळें त्यांस तो छापलेला पाहावयास मिळाला नाहीं. मोहरमांतील ‘या हसन, या हुसेन’ या आक्रोशाचें गोऱ्या शिपायांनीं जें रूप केलें, तेंच या ग्रंथाचें नांव. नांव थट्टेचें असलें, तरी ग्रंथ गंभीर आहे.

त्यांतील ‘ब्रॅब’ पाहा. हा आपला ताड. पोर्तुगीज त्यास ‘पाल्मैरा ब्राव्हा’ म्हणजे रानटी ताड म्हणत. इंग्रजांनीं त्यांतील ताड गाळला आणि रानटी तेवढें ठेवलें! ज्या झाडाच्या ताडीवर साष्टींतील भंडाऱ्यांचीं घरें चाललीं आणि ज्याच्या ताडीवर 1878 च्या अबकारी कायद्यानें सरकारनें आपला हात घट्ट केला, त्या झाडास रानटी म्हणावें हा विनोदच होय. बंगाल्यांत हा शब्द कोणास ठाऊक नाहीं, असें यूल सांगतात.

‘ओआर्ट’चें मूळ पोर्तुगीज ‘होर्ता’. त्यांतील हकाराचा उच्चार होत नाहीं. लिस्बनकडे होर्ता म्हणजे भाजीपाल्याचा मळा. येथें आल्यावर त्या शब्दास नारळ लागले. आपण ज्यास वाडी म्हणतों, तीच ही.

‘बॅटी’विषयीं मात्र यूलसाहेबांशीं आमचा मतभेद आहे. ‘पॅडी’ या शब्दाखालीं त्यांनीं बॅटीचा विचार करून तिचें मूळ कानडी ‘भत्त’ या शब्दांत असावें, असें सुचविलें आहे. कारवारकडील वखारींपुरतें तें खरें असेल. परंतु मुंबईच्या कारकुनास भातासाठीं कर्नाटकांत जाण्याचें प्रयोजन काय? कुर्ल्यापासून बोरिवलीपर्यंत प्रत्येक कुणब्याच्या व कोळ्याच्या तोंडीं भात हाच शब्द होता. शेवटचा इकार मराठीनें उलगडत नाहीं हें खरें; पण तो कानडीनेंहि उलगडत नाहीं. मराठींत शेतांतले तेंही भात आणि पानांतलें तेंही भात; सालासकट दाण्यास वेगळें नांव हवें, ही गरज इंग्रजांची होती.

‘मूरा’ या भात मोजण्याच्या मापाचें खरें रूप संशयित आहे, असें कोशकार म्हणतात. पुढें मोल्सवर्थच्या मराठी कोशाच्या आधारें तो आपला मुडाच असल्याचें ते दाखवितात. ‘ड’चा ‘र’ होणें इंग्रजी कानांस नवें नाहीं. मुडा म्हणजे पेंढ्यानें आवळून बांधलेलें धान्याचें गाठोडें. असें माप अनिश्चित व बदलतें असणार, हा कोशकारांचा निष्कर्ष बरोबर आहे. पण त्यांस तो केवळ शब्दार्थाचा प्रश्न वाटला. ज्या प्रांतांत सारा भाताच्या मापांत ठरविण्याची रीत होती, तेथें मुडा केवढा बांधावयाचा, या प्रश्नावर कुणब्याचे श्रावण-भाद्रपद अवलंबून असत. धन्याचा मुडा मोठा आणि कुळाचा लहान, हें भांडण कोशांत कसें सांपडावें?

सर्वांत मौजेचा ‘वेलार्ड’. गव्हर्नर हॉर्नबी यांच्या कारकीर्दींत महालक्ष्मी व वरळी यांमधील खिंडार बुजविणारा जो बांध झाला, तो हॉर्नबी वेलार्ड; आज तेथें लाला लजपतराय मार्ग आहे. या शब्दाचा उलगडा स्थानिक माणसांकडून झाला नाहीं, असें यूल स्पष्ट लिहितात, आणि पोर्तुगीज ‘वालादो’ म्हणजे बांध या शब्दाकडे बोट दाखवितात. बांध इंग्रजांचा, शब्द शतकापूर्वीं गेलेल्या पोर्तुगीजांचा, आणि अर्थ दोघांच्याहि वारसांस ठाऊक नाहीं! साष्टीच्या खाडीकांठीं खारवट जमीन बांध घालून भाताखालीं आणणारे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या होते. त्यांस शब्द नव्हे, वस्तु विचारली असती, तर उत्तर तत्काळ मिळालें असतें.

हे शब्द आज कोणी बोलत नाहीं. तथापि जुन्या खरेदीखतांतून ते शिल्लक आहेत. ‘बॅटी ग्राउंड’ असें जेथें लिहिलें असेल, ती भूमि ओसाड नव्हती, पिकती होती, एवढें तरी वाचणाऱ्यानें ध्यानीं घ्यावें. कारण ‘बॅटी’चा अर्थ सुटला, कीं ती कसणाराहि नजरेआड होतो. 1951 च्या कायद्यानें साष्टींतील इस्टेटींची साऱ्याची माफी रद्द झाली आणि पुढें शेतांवर इमारती उभ्या राहिल्या. ‘ओआर्ट’ दप्तरांत राहिला. वाडी मात्र उपनगरांतील पत्त्यांत अजून लिहिली जाते, नारळ असोत वा नसोत.