करडई : वार्निशच्या डब्यातून कढईत

१/ चेरीच्या लाकडाच्या स्वयंपाकघरातील कपाटांना कोणते पॉलिश द्यावे, तेलाचे की पाण्याचे? प्रश्न सुताराचा वाटतो. पण त्याच्या इतिहासात सोलापूरच्या काळ्या रानातील एक काटेरी पीक दडलेले आहे : करडई.

२/ रब्बी ज्वारीच्या कडेने करडईचे पट्टे पेरण्याची रीत दख्खनमध्ये जुनी. काट्यांमुळे गुरे आत शिरत नाहीत आणि खोल जाणारे सोटमूळ जमिनीत मुरलेल्या ओलीवर तग धरते. कोवळ्या पानांची भाजी, पाकळ्यांचा कुसुंबी रंग आणि बियांचे तेल, असा तिचा तिहेरी उपयोग. अवर्षणग्रस्त मुलखातील शेतीचा शास्त्रीय अभ्यास सोलापुरात १९३३ मध्ये सुरू झाला. पुढे याच केंद्रात करडईच्या वाणांवरही काम झाले.

३/ आता लाकडाकडे वळू. लाकडावर तेल चोळले की ते ‘वाळते’, असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात ते पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतील प्राणवायू शोषून त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि पातळ तेलाचे घट्ट कवच बनते. खोबरेल तेलाला हे साधत नाही. जवसाच्या तेलाला उत्तम साधते. म्हणूनच युरोपातील चित्रकार आणि वार्निश करणारे शतकानुशतके त्यावर विसंबून राहिले.

४/ जवसात एक खोट मात्र होती. त्याचे कवच काळानुसार पिवळे पडते. याचे कारण त्यातील लिनोलेनिक आम्ल. जवसाच्या तेलात ते निम्म्याच्या आसपास असते. करडईच्या तेलात ते जवळजवळ नसते. तेथे सुमारे तीन-चतुर्थांश वाटा लिनोलेइक आम्लाचा. त्यामुळे करडईचे तेल सावकाश वाळते. पण पिवळेपणा फार कमी धरते.

५/ भारतीय कारागिरांना या तेलाच्या वाळण्याच्या गुणाची ओळख रसायनशास्त्र येण्यापूर्वीच होती. करडईचे तेल कित्येक तास उकळून त्याचा चिकट, घट्ट लगदा करीत. त्याला ‘रोगन’ म्हणत. पेशावरच्या बाजूला याच रोगनाने कापडावर उठावदार नक्षी काढली जाई.

६/ विसाव्या शतकात तेल आणि कृत्रिम राळ यांच्या संयोगातून ‘अल्कीड’ रंग आले. पांढरा रंग पांढराच राहावा, यासाठी कारखानदारांना न पिवळणारे तेल हवे होते. अमेरिकेत १९५० च्या सुमारास कॅलिफोर्नियात करडईची व्यापारी लागवड वाढली, ती मुख्यतः रंग-वार्निशच्या मागणीवर. सोलापूरकडे फोडणीत पडणारे तेल तिकडे भिंती आणि दारे रंगवीत होते.

७/ त्याच सुमारास प्रतिस्पर्धी उभा राहिला, तो म्हणजे पाणी. दुसऱ्या महायुद्धात कृत्रिम रबराचे तंत्र विकसित झाले होते. त्याच्या आधारे क्लीव्हलँडच्या ग्लिडन कंपनीने १९४८ मध्ये ‘स्प्रेड सॅटिन’ हा पाण्यात मिसळणारा भिंतीचा रंग बाजारात आणला. त्याला टर्पेंटाइन लागत नव्हते, उग्र वास नव्हता आणि ब्रश साध्या पाण्याने धुता येई. घरमालकांनी तो उचलून धरला; वाळणाऱ्या तेलांची मागणी ओसरू लागली.

८/ करडई मात्र संपली नाही. याच काळात आहारातील स्निग्धांश आणि कोलेस्टेरॉल यांच्या संबंधावर संशोधन होऊ लागले. ज्या लिनोलेइक आम्लामुळे हे तेल रंगात उपयोगी पडत होते, त्याच्याचमुळे ते आता ‘हृदयासाठी चांगले’ ठरले. अमेरिकेत करडई वार्निशच्या डब्यातून कढईत आली, म्हणजे सोलापूरच्या स्वयंपाकघरात ती मुळात जेथे होती, तेथेच पोहोचली.

९/ भिंत जिंकली तरी लाकूड जिंकायला पाण्याला वेळ लागला. पाण्याने लाकडाचे तंतू फुगतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. पण थिनरच्या वाफा धुरके वाढवतात, हे लक्षात आल्यावर लॉस एंजेलिसने १९६६ मध्ये द्रावकांवर निर्बंध घालणारा ‘नियम ६६’ केला. अशा निर्बंधांतून पाण्यातील पॉलियुरेथेनला चालना मिळाली. डब्यात ते दुधाळ दिसते. पाणी उडाले की त्यातील सूक्ष्म कण एकजीव होऊन पारदर्शक थर बनतो.

१०/ आता चेरीच्या कपाटांचा प्रश्न सोपा होतो. अमेरिकन चेरी उजेडात आपोआप गडद, तांबूस होत जाते. जवसाचे तेल पहिल्याच दिवशी ऊबदार छटा देते आणि पुढे स्वतःची पिवळी झाकही चढवते. पाण्याचे पॉलिश सुरुवातीला फिकट वाटते. पण काही महिन्यांनी दिसणारा रंग लाकडाचा असतो, पॉलिशचा नव्हे. अट एकच : पहिल्या हातानंतर उभे राहिलेले तंतू बारीक पॉलिश पेपरने घासून घ्यावेत.

११/ या कथेतील खरी हानी मात्र कपाटात दिसत नाही, ती शेतात दिसते. आयात तेल स्वस्त झाले, काट्यांमुळे कापणीला मजूर मिळेनासे झाले आणि गेल्या काही दशकांत महाराष्ट्रातील करडईचे क्षेत्र झपाट्याने आक्रसले. प्रयोगशाळेला जे गुण विसाव्या शतकात उमगले, त्यांतले पुष्कळसे घाण्यावरच्या तेल्याला आणि रोगन शिजवणाऱ्या कारागिराला हाताने ठाऊक होते. पीक गेले की ते ज्ञानही त्याच्यासोबत जाते.