चावडीवरचा कागद

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात, त्या वेळच्या भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेले. दंगा म्हटला की डोकी फुटणार, असं आपण धरून चालतो. या दंग्यांत लोकांचा मुख्य रोख होता तो खतं, रोखे आणि वह्यांवर. सापडले की ते जाळीत.

कारण उघड होतं. रोख्यावर निशाणी शेतकऱ्याची, पण कागद सावकाराच्या पेटीत. आत काय लिहिलंय, फेडलेल्यातले किती जमा धरले, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. दावा लागे, हा बिचारा हजर नसे, आणि एकतर्फी हुकूमनामा होऊन जाई. पुढे सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. फेडीची पावती, दरसालचा हिशेब, पासबुक या गोष्टी शेतकऱ्याला सावकाराकडून हक्काने मागता येऊ लागल्या.

दुसऱ्याला वही दाखवायला लावणं सोपं! सरकारी दप्तराचं काय? मुंबई इलाख्यात १९०३ साली हक्कनोंदणीचा कायदा झाला आणि १९१३ साली ती तरतूद जमीन महसूल कायद्यात घेतली गेली. तिच्यात एक साधं कलम होतं. तलाठ्याने फेरफार लिहिला, की त्याची पूर्ण नक्कल त्याच वेळी चावडीत ठळक जागी लावायची आणि ज्यांचा संबंध आहे त्यांना लेखी कळवायचं. कोणी हरकत घेतली, तर ती तक्रारी प्रकरणांच्या वहीत चढवायची. हे बारकाईने करायला हवं, कारण नोंद एकदा प्रमाणित झाली की उलट शाबीत होईपर्यंत कायदा ती खरी मानतो. माझ्या मते मोठमोठ्या जाहीरनाम्यांपेक्षा या एका कलमाने अधिक जमिनी राखल्या असतील. पण ज्याला अक्षर येत नाही, किंवा चावडीची पायरी चढायची चोरी, त्याला भिंतीवरचा कागद काय सांगणार?

याची खरी कसोटी लागली ती कुळकायद्यात. १९४८ च्या कायद्यात पुढे दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कायद्यात बसणारी कुळं जमिनीची मालक झाली असं मानलं गेलं. मात्र किंमत ठरवण्यासाठी गावोगाव जाहीर नोटीस निघे, कुळालाही नोटीस जाई, आणि ठरल्या तारखेला त्याने हजर राहायचं असे. तो आलाच नाही, किंवा 'मला जमीन नको' असा जबाब दिला, तर खरेदी निष्फळ ठरे. म्हणजे कायद्याने दिलेली जमीन एका तारखेवर लोंबकळत होती. ती तारीख कुळाला कोणी सांगितली, कशी सांगितली, की सांगितलीच नाही, यावर पिढ्यांचं नशीब ठरलं. काही जण जमीनमालकाच्या भिडेखातर गेले नाहीत, काहींना कशासाठी बोलावलंय हेच उमगलं नाही. पुढे दुरुस्ती करून गैरहजर राहिलेल्यांना आणखी एक संधी द्यावी लागली, यातच काय ते आलं. आणि ज्याचं कूळ म्हणून नावच पीकपाहणीत नव्हतं, तोंडी कराराने कसत होता, त्याला तर आधी आपण कूळ आहोत हेच शाबीत करावं लागे.

१२ ऑक्टोबर २००५ पासून माहिती अधिकाराचा कायदा पूर्णपणे अमलात आला, आणि २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. सोय मोठीच. तरी सातबारा हातात येतो तो नोंद झाल्यावर. नोंद होत असतानाच ती अडवायची, तर फेरफाराची नोटीस वेळेत कळली पाहिजे.

म्हणून शिक्षकबंधूंनो, महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चं कलम १५० वर्गात एकदा मोठ्याने वाचून दाखवा. नक्कल लावण्याची आणि लेखी कळवण्याची ती जुनी तरतूद त्यात आहेच. शिवाय असंही आहे, की कोणी तोंडी किंवा लेखी हरकत घेतली, तर ती वहीत नोंदवून हरकतदाराला तिथल्या तिथे पोच द्यायची. ती पोच मागून घ्यावी.