प्रस्तावना : रॉबर्ट गिल आणि चित्ररूप साधनं

मेजर रॉबर्ट गिल मराठी वाचकाला ठाऊक आहेत ते अजिंठ्याच्या पारोसोबतच्या प्रेमकथेमुळे. ना. धों. महानोरांची ‘अजिंठा’ ही दीर्घकविता आणि नितीन चंद्रकांत देसाई यांचा २०१२ चा चित्रपट यांनी ती कथा घरोघरी नेली. या ओळखीच्या पुढे जाऊन गिल यांचं काम इतिहासाचं साधन म्हणून वाचावं, यासाठी हे निमंत्रण.

मद्रास सैन्यातल्या या अधिकाऱ्याला ईस्ट इंडिया कंपनीनं १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करायला नेमलं. गावातल्या बारादरीत राहून, लेण्यांतल्या अपुऱ्या उजेडात त्यांनी कॅनव्हासवर तैलरंगांत भव्य प्रती रंगवल्या. त्यांतल्या बहुतेक डिसेंबर १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. वाचलेल्या मोजक्या आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. दरम्यान गिल यांनी कॅमेरा हाती घेतला होता. जेम्स फर्ग्युसन यांच्या शैलगृहांवरील १८६४ च्या ग्रंथात त्यांचीच छायाचित्रं आहेत. १८७२ पासून जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स पेस्तनजी बोमनजींसारख्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा त्याच भिंतींसमोर उभे राहिले. त्यांच्याही अनेक प्रती १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत सापडल्या.

भिंतीवरचा रंग गळून पडला की प्रत हाच पुरावा उरतो. पण या साक्षीदाराची उलटतपासणी हवी. युरोपीय शिक्षणातून आलेली छायाप्रकाशाची सवय रेषेत उतरते. शिवाय चित्रं स्पष्ट दिसावीत म्हणून लावलेलं वार्निश पुढे पिवळं पडलं आणि मूळ चित्रांनाच बाधलं. म्हणून प्रत, छायाचित्र आणि आजची भिंत शेजारी ठेवून वाचणं, ही चित्ररूप साधनांच्या अभ्यासातली पहिली शिस्त.

नवी मुंबईकरांना अशा वाचनाची सुरुवात घराजवळच करता येईल. उरण-न्हाव्यासमोरच्या घारापुरीला ज्याच्यावरून एलिफंटा हे नाव पडलं, त्या दगडी हत्तीचं मस्तक १८१४ मध्ये ढासळलं. पुन्हा जोडलेला हत्ती आता भायखळ्याला आहे. ते मस्तक शाबूत असतानाचं रूप जुन्या प्रवाशांच्या रेखाटनांतून पाहावं लागतं.

गिल यांनी लोणारच्या देवळांचीही छायाचित्रं घेतली. ती हाती घेऊन देवळाभोवती फिरणारा, कोणता दगड हलला, कोणती मूर्ती झिजली हे नोंदवणारा अभ्यासक या क्षेत्राला हवा आहे. वास्तुरचना, मूर्तिशास्त्र, रंगांचं रसायन किंवा जुनी दप्तरं वाचायची चिकाटी, यांपैकी जे तुमच्यापाशी असेल ते घेऊन या.