युनानी परकी, मग कोरियाची हानुई कुणाची?

युनानी वैद्यकाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. ही तर ग्रीकांची, नंतर अरबांची, भारतीय कशी? अशा वेळी मला कोरियाचा इतिहास आठवतो.

१५९२मध्ये जपानने कोरियावर स्वारी केली. गावं उजाड झाली, रोगराई पसरली. १५९६मध्ये राजा सोन्जोने राजवैद्य हो जुन याला नवा वैद्यकग्रंथ तयार करायला सांगितलं. पुढच्याच वर्षी पुन्हा लढाई पेटली आणि सोबतची मंडळी पांगली. १६०८मध्ये राजा वारला. त्याचा ठपका हो जुनवर आला आणि त्याला हद्दपार व्हावं लागलं. हद्दपारीतही तो लिहीत राहिला. १६१०मध्ये 'दोंगुइबोगाम' पूर्ण झाला, १६१३मध्ये छापला गेला. एकूण २५ खंड.

यातला बराच मजकूर चिनी ग्रंथांतून घेतलेला आहे आणि हो जुनने ते लपवलेलं नाही. त्याचं म्हणणं एवढंच, की चीनमध्ये उत्तरेचं आणि दक्षिणेचं वैद्यक आहे, तसं आमचं हे पूर्वेचं. मला मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. ग्रंथाची भाषा अभिजात चिनी, पण वनस्पतींची स्थानिक नावं त्याने कोरियन हांगुल लिपीत दिली. वैद्य नसलेल्या खेड्यातल्या माणसाला बांधावरचं औषध ओळखता यावं म्हणून.

हीच गरज आपल्याकडेही होती. सिकंदर लोदीच्या काळात, १५१२मध्ये, मियाँ भुवाने संस्कृत ग्रंथांच्या आधारे फारसीत 'मादन-उश-शिफा' तयार केला. त्याचं कारण सरळ होतं: युनानी उपचार इथल्या प्रकृतीला मानवत नाहीत आणि औषधांची परकी नावं इथे कुणाला कळत नाहीत. पुढे दख्खनमध्ये, हो जुनच्याच काळात, आधी अहमदनगर आणि मग विजापूर दरबारी असलेल्या फरिश्ताने भारतीय वैद्यकावर फारसीत 'दस्तूर-उल-अतिब्बा' लिहिला. हा फरिश्ता आपल्याला फक्त इतिहासकार म्हणून माहीत असतो.

आयुर्वेदात वात, पित्त, कफ. युनानीत दम, बलगम, सफरा, सौदा. कोरियात १८९४मध्ये ली जेमाने माणसांचे चार प्रकार सांगितले. पण म्हणून युनानी तिकडे पोचली, असं कुणी समजू नये. युनानीतले चार म्हणजे शरीरातले द्रव. ली जेमाचे चार अवयवांच्या बलाबलावर आणि स्वभावावर ठरतात. (युनानीतला 'मिजाज' मराठीत 'मिजास' होऊन नुसता तोरा उरला. 'तबियत' मात्र आपण सगळेच रोज एकमेकांना विचारतो.)

विसाव्या शतकात दोन्हीकडे राज्यकर्ते परके होते. जपानी सत्तेने १९१३मध्ये कोरियन वैद्यांचा दर्जा उतरवून त्यांना 'उइसेंग', म्हणजे वैद्यकाचे विद्यार्थी, ठरवलं. इकडे मुंबई प्रांताच्या १९१२च्या कायद्याने नोंदणी दिली ती पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्यांना; वैद्य आणि हकीम दोघेही बाहेर. हकीम अजमल खान यांनी हे संकट दोघांचं आहे हे ओळखलं आणि १९१०पासूनच वैद्य-हकिमांना एका परिषदेत आणलं.

स्वातंत्र्यानंतर कोरियाने १९५१च्या कायद्याने आपल्या वैद्यांना डॉक्टरांच्या बरोबरीने मान्यता दिली. १९८६मध्ये तर 'हानुई' या नावातलं 'हान' अक्षरच बदललं. उच्चार तोच, पण चीनच्या 'हान'ऐवजी कोरियाचं 'हान'. इतकं उसनं घेतलेलं वैद्यक त्यांनी नावासकट आपलं केलं. आपल्याकडे मियाँ भुवा आणि फरिश्ता होऊनही युनानीला अजून गाव विचारलं जातं. दोन्ही शास्त्रं एकात मिसळावीत, असं मी म्हणत नाही. ती वेगळी आहेत, वेगळीच शिकवावीत. अजमल खानांनीही तसंच केलं होतं. १९२१मध्ये गांधीजींनी उद्घाटन केलेलं त्यांचं कॉलेज दिल्लीत करोलबागेत आजही आहे. त्याच्या नावात आयुर्वेदिक आणि युनानी हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आहेत.