फर्मवेअर: कच्चं की पक्कं?

गेमिंग लॅपटॉप घेतलेल्या माणसाला दोन गोष्टी झोपेतून उठवून विचारल्या तरी सांगता येतात. एक, लॅपटॉप केवढ्याला पडला आणि दोन, त्यात ग्राफिक्स कार्ड कोणतं आहे. पण त्या कार्डाचा स्वतःचा एक छोटासा प्रोग्रॅम असतो, जेमतेम काहीशे किलोबाईटचा, हे आठवतं ते थेट संकटातच. गेम ऐन रंगात आलेला असताना पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन उमटतात, रंग विस्कटतात, मशीन गोठतं. ड्रायव्हर बदलून होतो, विंडोज नव्याने टाकून होतं आणि मग कुणीतरी जाणकार सांगतो, "अरे, मेमरीचा प्रॉब्लेम आहे. व्हीबायॉस अपडेट कर."

इथे विचार करणारा माणूस अडखळतो. मेमरी म्हणजे हार्डवेअर. बोर्डावर डाग देऊन बसवलेल्या काळ्या चिपा. फाइल टाकून त्या कशा दुरुस्त होणार? टायर पंक्चर झालं म्हणून कुणी गाडीचं मॅन्युअल बदलतं का?

उत्तर असं की कधी दुरुस्त होतात, कधी होत नाहीत. आणि लाख-दीड लाखाच्या मशीनच्या बाबतीत यातला फरक कळणं फार गरजेचं आहे, कारण वॉरंटी तेवढ्यात संपून जाऊ शकते! हा फरक समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल. थोडं म्हणजे १९६७ पर्यंत :-)

त्या वर्षी जानेवारीत 'डेटामेशन' या अमेरिकन मासिकात अ‍ॅशर ऑप्लर याने 'फर्मवेअर' हा शब्द वापरला. हार्डवेअर म्हणजे कडक, सॉफ्टवेअर म्हणजे मऊ आणि या दोघांच्या मधलं ते फर्म. प्रोसेसरच्या पोटात एका खास मेमरीत ठेवलेला मायक्रोकोड त्याच्या डोळ्यांसमोर होता. गंमत म्हणजे ही मेमरी पुन्हा लिहिता येण्यासारखी असेल, असंच त्याने धरलं होतं. म्हणजे 'पक्कं' असं नाव मिळालेली ही वस्तू जन्मापासूनच थोडी कच्ची होती.

प्रत्यक्षात पुढची बरीच वर्षं ती पक्कीच राहिली. ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीचा बायॉस ८ किलोबाईटचा होता आणि तो रॉममध्ये कायमचा कोरलेला होता. ग्राफिक्स कार्डांना तेव्हा स्वतःचा बायॉस नसे. त्यांची देखभाल मशीनचा बायॉसच करायचा. १९८४ मध्ये आयबीएमचं ईजीए कार्ड आलं आणि त्याने १६ किलोबाईटची स्वतःची रॉम सोबत आणली. आजच्या व्हीबायॉसचे हे खापरपणजोबा. मशीन सुरू झालं की मुख्य बायॉसने ठरलेल्या पत्त्यावर जाऊन कार्डाची रॉम शोधायची आणि सूत्रं काही काळ तिच्या हाती द्यायची, अशी ही पद्धत. अडचण एवढीच की अगदी सुरुवातीच्या पीसींच्या बायॉसला असं शोधताच येत नव्हतं. ती सोय ऑक्टोबर १९८२ च्या आवृत्तीत आली. म्हणजे जुन्या पीसीवर ईजीए चालवायचं, तर आधी मशीन उघडून बायॉसची चिप उपटायची आणि नवी बसवायची. फर्मवेअर अपडेट होतंच, फक्त ते डाउनलोड होत नव्हतं, स्क्रू-ड्रायव्हरने होत होतं!

त्या काळी पुसता येणारी चिपही होती. इंटेलमध्ये डोव्ह फ्रोमन याने १९७१ मध्ये ईप्रॉम बनवली होती. तिच्या पाठीवर काचेची छोटी खिडकी असते. पंधरा-वीस मिनिटं अतिनील प्रकाश दाखवला की आतला मजकूर पुसला जातो. आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी ती इंजिनियरिंगच्या लॅबमध्ये, ८०८५ च्या किटवर पाहिलेली असेल. खिडकीवर स्टिकर चिकटवलेला असतो, तीच ती. पण हे काम प्रयोगशाळेचं. घरी बसून कोण अतिनील दिवा लावणार?

हे चित्र तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी बदललं. त्यांनी १९८४ मध्ये फ्लॅश मेमरी जगापुढे मांडली. मजकूर झटक्यात पुसला जातो, कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखा, म्हणून हे नाव. १९८८ मध्ये इंटेलने फ्लॅश चिपा बाजारात आणल्या आणि नव्वदच्या दशकात मशीनचा बायॉसही फ्लॅशवर आला. आता चिप उपटायला नको. फ्लॉपी घाला, प्रोग्रॅम चालवा, झालं.

सोय आली तिच्या मागोमाग धोकाही आला. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच नावाचा व्हायरस जगभरात जागा झाला. तैवानमधल्या एका विद्यार्थ्याने आदल्या वर्षी तो लिहिला होता. हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भाग तर तो पुसायचाच, पण जमेल तिथे बायॉसच्या फ्लॅश चिपवरही कचरा लिहायचा. असं मशीन मग सुरूच होत नसे. एका सॉफ्टवेअरने हार्डवेअर निकामी करता येतं, हे सामान्य माणसाला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पक्कं आता पुरतं कच्चं झालं होतं.

पण आपला विषय त्याच्या उलटा आहे. सॉफ्टवेअरने हार्डवेअर बिघडवता येतं, तसं दुरुस्त करता येतं का? याच्या दोन गोष्टी सांगतो. एक २००८ ची, दुसरी २०१६ ची.

जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने जाहीर केलं की त्यांच्या लॅपटॉपमधल्या काही ग्राफिक्स चिपा नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात बंद पडत आहेत आणि त्यासाठी कंपनी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद करत आहे. कारण होतं चिपच्या पॅकेजिंगमधलं कमकुवत साहित्य. चिप आणि तिच्याखालचा तळ यांना जोडणारे डागाचे बारीक ठिपके असतात. मशीन तापलं की सगळं प्रसरण पावतं, निवलं की आकुंचन पावतं, पण प्रत्येक पदार्थ वेगवेगळ्या प्रमाणात. रोजची ही ओढाताण सोसून शेवटी ठिपक्यांना तडे जायचे.

यावर डेल आणि एचपीने काय केलं? बायॉसचं अपडेट काढलं! त्याने पंखा लवकर सुरू व्हायचा आणि जास्त वेळ फिरायचा. चिप कमी तापणार, ओढाताण कमी होणार, तडा उशिरा जाणार. उपाय खोटा नव्हता, पण ती दुरुस्ती नव्हती. गळक्या छपराखाली बादली ठेवण्यातला प्रकार होता. डागाचा ठिपका कितीही किलोबाईट ओतले तरी सांधला जात नाही. पुढे लोकांनी मदरबोर्ड ओव्हनमध्ये भाजून पाहिले (हो, खरंच!) आणि २०१० मध्ये अमेरिकेत ग्राहकांच्या सामूहिक दाव्यात तडजोड झाली.

आता दुसरी गोष्ट. जून २०१६ मध्ये एनव्हिडियाचं जीटीएक्स १०७० बाजारात आलं. ८ जीबी जीडीडीआर५ मेमरी, म्हणजे एकेक जीबीच्या आठ चिपा. सुरुवातीच्या कार्डांवर सॅमसंगच्या चिपा होत्या. नंतरच्या कार्डांवर मायक्रॉनच्या येऊ लागल्या. खोक्यावर तेच नाव, तेच आकडे, तीच किंमत. पण काही जणांना मायक्रॉनवाल्या कार्डांवर त्रास दिसू लागला. मेमरीचा वेग थोडा वाढवला की पडदा लुकलुकायचा, चौकोन उमटायचे, मशीन गोठायचं. काहींना तर वेग न वाढवताही.

इथे व्हीबायॉस नेमकं काय करतो ते पाहायला हवं. मेमरीच्या चिपेला किती व्होल्टेज द्यायचं, कुठल्या वेगाला किती क्षण थांबून उत्तर वाचायचं, याचे तक्ते त्यात असतात. कंपनी बदलली की चिपेचा स्वभाव बदलतो. हे म्हणजे तांदळासारखं आहे. जुन्या तांदळाला पाणी जास्त लागतं, नव्याला कमी. वाण्याने गुपचूप नवा तांदूळ दिला आणि तुम्ही जुन्याच मापाने पाणी घातलंत, तर भाताचा गिचका होणारच. यात तांदूळ वाईट नाही, कुकरही वाईट नाही. माप चुकलं.

१०७० चं माप चुकत होतं ते वेग बदलताना. कार्ड निवांत असताना मेमरी ४०५ मेगाहर्ट्झवर रेंगाळते आणि गेम सुरू होताच ४००० च्या घरात उडी मारते. या उडीच्या क्षणी मायक्रॉनच्या चिपांना पुरेसं व्होल्टेज वेळेत मिळत नव्हतं, असं तेव्हा समोर आलं. २०१६ च्या शरद ऋतूत ईव्हीजीए, पॅलिट, गेनवर्ड अशा कार्ड बनवणाऱ्या कंपन्यांनी नवे व्हीबायॉस दिले. ते टाकल्यावर तक्रारी थांबल्या. ही मात्र खरीखुरी दुरुस्ती, कारण चूक साहित्यात नव्हती, सूचनेत होती.

तर सांगायचा मुद्दा असा: फर्मवेअर फक्त सूचनेतली चूक सुधारू शकतं. साहित्यातली चूक ते फार तर लपवतं किंवा लांबवतं. पण दोन्ही वेळा ग्राहकाला दिसतं ते एकच, 'स्थिरता वाढवणारं अपडेट'. मेख आहे ती इथेच.

फ्लॅशमुळे आणखी एक सवय लागली, जी आपल्या आयटीवाल्यांना चांगलीच ओळखीची आहे. आधी रिलीज, मग हॉटफिक्स! जानेवारी २०२० मध्ये एएमडीचं आरएक्स ५६०० एक्सटी येणार होतं. ऐन वेळी एनव्हिडियाने आरटीएक्स २०६० ची किंमत उतरवली. मग एएमडीने नवा व्हीबायॉस काढून मेमरीचा वेग १२ वरून १४ गिगाबिटवर नेला. कार्डं तोवर खोक्यात बंद होऊन दुकानांकडे निघालेली! घेणाऱ्याने घरी नेऊन स्वतः फ्लॅश करावं, अशी वेळ आली आणि काही मॉडेलं तर १२ वरच राहिली. कारखान्यातलं शेवटचं काम असं गिऱ्हाइकाच्या टेबलावर सरकलं.

आणि गिऱ्हाइकाच्या हाती अधिकार किती? एनव्हिडियाच्या १० मालिकेपासून, म्हणजे २०१६ पासून, कार्ड फक्त कंपनीची डिजिटल सही असलेलाच व्हीबायॉस स्वीकारतं. याला सबळ कारणं आहेत. सीआयएच कुणी विसरलेलं नाही आणि जुन्या कार्डाचं फर्मवेअर बदलून ते नवं म्हणून विकण्याचा धंदाही चालतच आला आहे. पण परिणाम असा की चुकलेलं माप तुम्हाला दिसलं, तरी सुधारायचं कंपनीनेच. लॅपटॉपमध्ये तर हे आणखी घट्ट. तिथे व्हीबायॉस कधी वेगळ्या चिपवर असतो, कधी मदरबोर्डच्या बायॉसच्या पोटात, आणि तो लॅपटॉप बनवणाऱ्याने आपल्या मॉडेलपुरता बेतलेला असतो. २०२१ मधलं लॅपटॉपचं आरटीएक्स ३०८० घ्या. नाव एकच, पण कुठे ८० वॉटवर चालणारं, कुठे १५० च्या पुढे. एकाची फाइल दुसऱ्यावर टाकणं म्हणजे शेजाऱ्याच्या चष्म्याने वाचण्यासारखं. कंपनीने मॉडेल म्हातारं ठरवून अपडेट थांबवलं, की विषय संपला.

म्हणून माझा साधा नियम असा. अपडेट टाकण्याआधी आपल्या चिपा कुणाच्या आहेत ते जीपीयू-झेडमध्ये पाहायचं. फाइल फक्त आपल्याच मॉडेलची, लॅपटॉपच्या कंपनीचीच. जुना व्हीबायॉस आधी उतरवून ठेवायचा, चार्जर लावलेला आणि बॅटरी भरलेली असली पाहिजे. आणि शुक्रवारी संध्याकाळी प्रोडक्शनला हात लावायचा नाही हा आपला धर्म इथेही पाळायचा, म्हणजे सोमवारी सकाळी डेमो असेल तर रविवारी रात्री फ्लॅश करायचं नाही!

मग निरखायचं. चौकोन वेग बदलताना, गेम सुरू होता होता दिसत होते आणि अपडेटनंतर गेले, तर बहुधा मापच चुकलं होतं. पण अपडेटनंतर पंखा जास्त ओरडायला लागला, वेग उतरला आणि त्रास नुसता कमी झाला, तर समजा बादली ठेवली गेली आहे. तेव्हा समाधान मानून गप्प बसू नका. पडद्याचे फोटो तारखेसकट जपून ठेवा आणि वॉरंटी आहे तोवर लेखी तक्रार नोंदवा. बादली भरायला वेळ लागतो आणि बऱ्याचदा ती वॉरंटी संपल्यानंतरच भरते.

असो. ऑप्लरचं 'पक्कं' आज आपण शनिवारी दुपारी चहा पिता पिता बदलतो, ही मोठीच प्रगती आहे. फक्त बदललं ते माप की छपराखालची बादली, एवढं विचारायची सवय ठेवली म्हणजे झालं.