तिरके बाण

परवा रात्री गडमुडशिंगीहून भाच्याचा फोन. नववीत आहे. "मामा, अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचं सूत्र आलं. संयुजा तीन आणि दोन, तिरके बाण मारले, एएल-टू-ओ-थ्री. पण ही तीन ठरवली कुणी?"

मी ऐटीत सांगितलं, अ‍ॅल्युमिनियमच्या बाहेरच्या कक्षेत तीन इलेक्ट्रॉन, ते देऊन टाकतं. ऑक्सिजनला दोन हवे असतात. सहा दिले, सहा घेतले, हिशेब चुकता. फोन ठेवला आणि खटकलं. इलेक्ट्रॉन सापडला १८९७ साली. सूत्रं तर त्याच्या कितीतरी आधीपासून लिहीत होते की!

आपल्या कोल्हापुरातच बघा ना. बाळाजी प्रभाकर मोडक (१८४७-१९०६) राजाराम कॉलेजात विज्ञान शिकवायचे, मराठीत रसायनशास्त्रावर पुस्तकं लिहायचे. संयुजेचं कारण तेव्हा जगात कुणालाच धड सांगता येत नव्हतं. हाती होता तराजू.

आणि तराजू अर्धंच सांगतो. या ऑक्साइडमध्ये ९ भाग अ‍ॅल्युमिनियमला ८ भाग ऑक्सिजन, बस्स. ऑक्सिजनचा अणुभार १६ आणि अ‍ॅल्युमिनियमचा १८ धरला तर अणू एकास एक. २७ धरला तर दोनास तीन. दोन्ही हिशेब बिनचूक! (करून बघा, कागद लागेल.) डाल्टननं असंच पाणी एकास एक धरलं होतं आणि तो घोळ पन्नासेक वर्षं चालला. १८५२ मध्ये फ्रँकलंडनं दाखवलं की मूलद्रव्यांची दुसऱ्याला धरून ठेवायची ताकद ठराविक असते. पण अणुभारावरच एकमत नसेल तर ती मोजणार कशी?

१८६० साली कार्ल्सरूहच्या परिषदेत कॅनिझारोनं अणुभार ठरवायची रीत मांडली, तिथून गाडी रुळावर आली. वायूंसाठी घनता. धातूंसाठी ड्यूलाँ आणि पेती यांचा १८१९ चा नियम: विशिष्ट उष्मा गुणिले अणुभार, उत्तर सहाच्या आसपास. एक ग्रॅम अ‍ॅल्युमिनियम एक अंशानं तापवायला साधारण ०.२१५ कॅलरी लागतात. सहाला त्यानं भागलं की २८ च्या जवळ. म्हणजे १८ नव्हे, २७. म्हणून दोनास तीन, म्हणून संयुजा तीन. एका धातूच्या तुकड्याला ऊब देऊन!

इलेक्ट्रॉन देण्याघेण्याचा खुलासा कोसेलनं १९१६ मध्ये केला. मोडकांना जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती.

काल हे सगळं भाच्याला ऐकवलं. शांतपणे ऐकून म्हणाला, "मग परीक्षेत बाण तिरकेच मारायचे ना?"

मार बाबा.